मामांचा अंदाज आणि मामींची नस

चुकीचे अंदाज बांधणारी माणसं जगात काही कमी नाहीत, पण त्या सगळ्यांत एक खोड असते. त्यांचं अधूनमधून बरोबर येतं, आणि त्यामुळं त्यांच्यावर विसंबता येत नाही. आमच्या सौ.चे मामा या बाबतीत अगदी भरवशाचे होते. त्यांचा अंदाज कधी खरा ठरला, असं त्यांच्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं नव्हतं, आणि ठरेल अशी कुणाला भीतीही नव्हती. तासगावपासून पाच-सहा मैलांवर त्यांचं गाव. दोन एकर द्राक्षबाग, बेदाण्याचं एक शेड, उंची बेताची, मिशी मोठी आणि आवाज त्याहून मोठा. कशाबद्दलही विचारा, मामा डाव्या कानाची पाळी चिमटीत धरायचे, उजवा डोळा मिटायचे, वर बघायचे (घरात असले तर पंख्याकडं) आणि क्षणभरानं निकाल द्यायचे. त्या निकालात ‘बहुतेक’, ‘कदाचित’ असले शब्द औषधालासुद्धा नसायचे.

तासगावच्या स्टँडवर मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मामा म्हणाले, “पावणं, साडेनवाची गाडी आज येत न्हाई. चला च्या घिऊ.” आम्ही चहा प्यायला बसलो आणि आमच्या पाठीमागून साडेनवाची साताऱ्याची गाडी येऊन, माणसं भरून, निघून गेली. मामांच्या चेहऱ्यावर खंत नव्हती. “ह्या टायमाला कशी काय आली?” एवढंच ते म्हणाले. चूक गाडीची होती. यात्रेच्या कुस्त्यांना मामा पहिल्या रांगेत असायचे आणि त्यांनी ज्याच्यावर बोट ठेवलं तो पैलवान आकाश बघायचा. शेवटी पैलवानांचे वस्ताद आधी मामांना गाठून हात जोडू लागले, “आवं मामा, आमच्या पोराचं नाव तेवढं घिऊ नगा.” बेदाण्याच्या हंगामात तर सगळ्या शिवाराची भिस्त मामांवर. शेडात माल वाळत पडलेला असतो, आणि अवकाळी पाऊस आला तर सोन्यासारख्या मालाची माती होते. सकाळी कुणीतरी सहज विचारल्यासारखं विचारायचं, “मामा, आज पाऊस हाय का वो?” मामांनी कान धरून सांगावं, “थेंब न्हाई पडायचा गड्या,” की तो माणूस “बरं बरं” म्हणत रस्त्याच्या वळणापर्यंत सावकाश चालायचा आणि तिथून पुढं पळत सुटायचा. अर्ध्या तासात आजूबाजूच्या सगळ्या शेडांवर ताडपत्र्या चढलेल्या असायच्या. फक्त मामांचं शेड उघडं.

माझं लग्नही त्यांच्याच अंदाजानं जमलं, हे मला फार उशिरा कळलं. मी तेव्हा साताऱ्यात एका शाळेत गणित शिकवायला नुकता लागलो होतो. मुलीकडून मला बघायला मामा आले. पोहे खाल्ले, मला काहीएक विचारलं नाही, कान धरला, आमच्या पंख्याकडं बघितलं आणि गेले. गावी जाऊन त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, “पोरगं गुनी हाय, पर ही सोयरीक चार म्हयनं बी टिकायची न्हाई.” सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी भटजी बोलावून तारीख काढली. या गोष्टीला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. सौ. रागावली की अजूनही म्हणते, “मामांनी त्या दिवशी ‘टिकेल’ म्हणायला पाहिजे होतं.”

मामांचं एक तत्त्व मात्र होतं आणि ते फार कडक होतं. मनात आलं तेच सांगायचं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून, भिडेखातर, भीतीपोटी ते कधी दुसरं काही बोलले नाहीत. मी एकदा गमतीनं म्हटलं, “मामा, एखादवेळी मनात येईल त्याच्या उलट सांगून बघा की.” मामा गंभीर झाले. म्हणाले, “अंदाज खोटा ठरला तरी चालंल पावणं. पर खोटा अंदाज सांगनार न्हाई.” आपण सतत चुकतो हे त्यांच्या गावीही नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. माणूस इतका चुकत असताना इतका आनंदात कसा राहतो, याचं मला नवल वाटायचं.

गेल्या वर्षी हंगाम संपता संपता मामींची दाढ दुखू लागली. मामी म्हणजे अंगानं काटक, बोलायला थोडी, कामाला चारचौघींइतकी. दाढ दुखायची ती फक्त चालताना. घरापासून शेडापर्यंतचा चढ चढला की खालचा जबडा ठणकायचा आणि टेकल्यावर थांबायचा. मामांनी कान धरला. “दाढच हाय. काढून टाकली की मोकळी.” हे त्यांनी फोनवर सौ.ला सांगितलं मात्र, तिच्या हातातला कप हातातच राहिला. “दाढ नाही,” ती मला म्हणाली, “मामा म्हणतायत म्हणजे दाढ नक्की नाही.” तिकडं तासगावच्या दातांच्या डॉक्टरांनीही मामींचे सगळे दात ठोकून बघितले आणि सांगितलं, “दात उत्तम आहेत. पण चालल्यावर दुखणारी आणि बसल्यावर थांबणारी दाढ मी बघितलेली नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडं जा.” आम्ही मामा-मामींना घेऊन सांगलीला गेलो.

तिथल्या डॉक्टर एक तिशी-पस्तिशीच्या बाई होत्या. हळू आवाजाच्या, कागदावर चित्र काढून सांगणाऱ्या. मनगटातून नळी घालून त्यांनी तपासणी केली आणि आम्हाला बोलावून घेतलं. हृदयाच्या तीन मुख्य नसांपैकी एक पूर्ण बंद होती, आणि तीही आज-कालची नव्हे, बऱ्याच महिन्यांपासूनची.

“पुरती बंद?” मामांनी विचारलं. “मग ही जिती कशी?”

“शेजारच्या नसांनी बारीक बारीक वाटा काढून तिकडं रक्त पोचवलंय,” बाई म्हणाल्या. “बसून असल्या की तेवढं पुरतं. चढ चढल्या की कमी पडतं, मग जबडा दुखतो.”

मामा मामींकडं वळून म्हणाले, “ऐकलंस? शेजाऱ्यापाजाऱ्यांवर चाललंय तुजं.”

बाईंनी आधी औषधं देऊन दोन महिने बघितलं. दुखणं थोडं कमी झालं, पण हटलं नाही. शेडापर्यंतचा चढ मामींना दोन ठिकाणी बसून चढावा लागायचा. तेव्हा बंद नस उघडून बघायची असं ठरलं. ‘उघडून बघायची’ हेच शब्द बाईंनी वापरले आणि मामांनी ते पकडले. “बघायची म्हंजी? उघडंल का न्हाई उघडायची, काय ते एक सांगा.”

“ते आधी नक्की कुणालाच सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. “पण अंदाज करता येतो. त्यासाठी आम्ही गुण देतो.”

अंदाज म्हटल्यावर मामा खुर्चीत पुढं सरकले. बाईंनी कागदावर पाच ओळी लिहिल्या. नस जिथं बंद होते तिथलं तोंड निमुळतं आहे की बोथट, आत चुना धरून ती कडक झालीय का, वाटेत मोठं वळण आहे का, बंद भाग लांब आहे का, आणि आधी कुणी प्रयत्न करून तो फसलाय का. एकेकाला एक गुण. मामींचं तोंड बोथट होतं (नसेचं, असा खुलासा बाईंना लगेच करावा लागला) आणि आत चुना होता. एकूण गुण दोन.

“पाचात दोनच?” मामांचा चेहरा पडला. ते माझ्याकडं वळले. “पावणं, पास व्हायला किती लागत्यात?”

मी जन्मभर गणित शिकवलेला माणूस. तोंडातून निघून गेलं, “पाचात दोन म्हणजे चाळीस टक्के. पास!”

“नाही नाही,” बाई म्हणाल्या, “इथं उलटं आहे. गुण जितके कमी, तितकं सोपं. शून्य म्हणजे सगळ्यांत चांगलं.”

मामांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “म्हंजी शून्यवाला पैला नंबर?” “हो.” “आन् पाचात पाचवाला?” “त्याचं फार अवघड.” मामांनी माझ्याकडं बघून मान हलवली. “पावणं, तुमच्या शाळंतली समदी पोरं ह्या बाईंकडं पैल्या नंबरात येत्याल.” नंतर खाली येईपर्यंत ते दोनदा थांबले. दोन गुण चांगले की वाईट, हे त्यांना पुन्हा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना माझंच चुकलं आणि मग सौ.नं आम्हा दोघांना गप्प केलं.

खरा घोर पुढंच होता. मामांनी स्वतःचा अंदाज अजून सांगितलेला नव्हता. मामांचा मुलगा फौजेत, दूर उत्तरेत नेमणुकीवर. त्याचा फोन आला तो सौ.ला. आईची चौकशी झाली आणि आवाज खाली आणून त्यानं (वडिलांना तो दादा म्हणतो) विचारलं, “ताई, दादा काय म्हनाले? उघडंल म्हनाले न्हाईत ना?” सौ. म्हणाली, “अजून काही बोलले नाहीत.” “मग नगं बोलू दिऊ,” तो म्हणाला. “सुट्टी मिळंस्तवर त्यांना गप ठेवा.” पण मामांना गप्प ठेवावंच लागलं नाही. जन्मात पहिल्यांदा ते आपणहून गप्प होते. भावकीतल्या कुणी विचारलं तर विषय बदलायचे. नसेचं सोडून बाकी सगळ्याचे अंदाज सांगायचे, नेहमीप्रमाणं.

ठरलेल्या दिवशी सकाळी मामींना हिरवा गाऊन घालून ढकलगाडीवर झोपवलं. आत नेण्याआधी गाडी दाराशी थांबली. मामींनी मान वळवली. “आवं, तुमी काय बोलला न्हाईसा. काय हुईल वो? सांगा की.”

सौ.नं माझा दंड धरला. मामांनी कान धरला, पण डोळा मिटला नाही आणि वरही बघितलं नाही. मामींकडंच बघत म्हणाले, “न्हाई उघडायची.”

मामी लख्ख हसल्या. “मग काय, झालंच म्हना काम!” गाडी आत गेली. सौ.नं पदरानं डोळे पुसले आणि मोबाइलवर मामेभावाला कळवलं. आम्हाला सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की मी चहा आणायला निघालो. मामा मात्र बाकावर बसले होते, कुणीतरी अंगातली हवा काढून घेतल्यासारखे.

“पावणं, बसा,” ते म्हणाले. मी बसलो. “मी खोटं बोललो.”

“म्हणजे?”

“माज्या मनात उघडंल असंच हुतं. पैल्या दिसापासनं. पर तसं म्हनायला जीभ उचलंना.” ते खाली फरशीकडं बघत होते. “माजं उलटं हुतं, ठावं हाय मला. तुमाला काय वाटलं, मला कळत न्हाई? मी ‘पाऊस न्हाई’ म्हनलो की समदी पळत जाऊन ताडपत्र्या वडत्यात, त्या दिसत्यात की माज्या शेडावरनं.”

मी विचारलं, “मग इतकी वर्षं सांगत का राहिलात?”

“माजं चुकतंय, पर त्येंचा माल वाचतोय. मग बिघडलं काय? मातुर त्याला अंदाज मनापासनं सांगावा लागतो. आज मी तसा सांगितला न्हाई. हिच्यासाठी खोटा सांगितला.”

दोन-अडीच तासांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या. मामी सुखरूप होत्या, पण नस उघडली नव्हती. नस मोकळी करायला आत सोडलेली बारीक तार त्या बोथट तोंडातून आत शिरायला तयार झाली नाही. जोर केला तर नसेला इजा व्हायची, म्हणून त्यांनी शहाणपणानं हात थांबवला होता. “काही नुकसान झालेलं नाही,” बाई दोनदा म्हणाल्या. त्यांच्याही कपाळावर घाम होता. मामा उठले, बसले, पुन्हा उठले. “जल्मात एकदा माजं खरं झालं,” ते म्हणाले, “आन् ते ह्ये.”

आम्ही आत गेलो तर मामी पडल्या पडल्या नवऱ्याकडं बघत होत्या. आवाज थकलेला, पण डोळ्यांत तेच मिश्कील हसू. “आवं,” त्या म्हणाल्या, “जमलं की तुमाला!”

त्यानंतरचे काही आठवडे मी जो गोंधळ अनुभवला तसला मला बीजगणितानंही कधी दिला नव्हता. मामांचे फोन सुरू झाले. तोंडानं सांगितलेला अंदाज खरा ठरला, म्हणजे ते बरोबर आले. पण मनातला अंदाज खोटा ठरला, म्हणजे ते नेहमीसारखे चुकले. “मग पावणं, अंदाज कुटला धरायचा? तोंडातला का मनातला?” मी म्हणायचो, मनातला. “मग मी नेहमीगत चुकलो. म्हंजी मी खरं बोललो असतो तरी न्हाईच उघडली असती?” मी म्हणायचो, हो. “आन् खोटं बोललो तरी न्हाई?” हो. “मग माज्या बोलन्याचा त्या नसंशी संबंध काय?” मी म्हणायचो, काहीच नाही मामा. मामा हळूच म्हणायचे, “तसं नका म्हनू.” फोन ठेवल्यावर मलाच वाटायचं की आपण गणित बरोबर सोडवलं आणि उत्तर चुकवलं.

गावाची तर फारच पंचाईत झाली. मामांचं खरं ठरलं ही बातमी मामींच्या तब्येतीच्या बातमीच्या आधी गावात पोचली होती. नव्या हंगामात एक दिवस आभाळ भरून आलं. कुणीतरी धीर करून मामांना विचारलं आणि मामांनी मनातलं सांगितलं, “न्हाई पडायचा.” ऐकणारे वळणापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. आता ताडपत्री ओढायची की नाही? मामांचं जुनं धरायचं की नवं? अर्ध्यांनी ओढली, अर्ध्यांनी नाही. पावसानंही कुणाचं ऐकावं हे न कळून ओढ्याच्या अलीकडं शिंतोडे टाकले आणि पलीकडं ऊन ठेवलं. त्यानंतर मामांना विचारायला यायचं लोकांनी बंद केलं. मामांनीही कुणाला आपणहून सांगितलं नाही.

सांगलीच्या बाईंनी मात्र मामींची फाइल मिटली नव्हती. असल्या जुन्या बंद नसा उघडण्यात मुरलेले एक वयस्क डॉक्टर अधूनमधून त्यांच्याकडं यायचे. ते आले की पुन्हा बघू, असं त्यांनी ठरवलं. या वेळी सरळ वाटेनं नव्हे, तर शेजारच्या नसेच्या त्या बारीक वाटांतून उलट्या बाजूनं जायचं. पुन्हा कागद निघाला, पुन्हा पाच ओळी. या वेळी गुण तीन झाले, कारण पाचवी ओळ होती: आधी प्रयत्न करून फसलाय का.

मामा ताडकन उभे राहिले. “त्यो गुण हिचा न्हाई! चुकलं तुमचं, तर गुण तुमास्नी लावा.”

बाई हसल्या नाहीत. “तुमचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “तो गुण माझाच आहे. पण वाट मामींची अवघड झालीय, म्हणून तो त्यांच्या कागदावर लिहावा लागतो.”

मामा खाली बसले. मग त्यांनी विचारलं, अगदी एका कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं, “बाई, तुमचा अंदाज चुकतो?”

“चुकतो की. मागच्या वेळी मला वाटलं होतं उघडेल.”

“मग तुमी काय करता?”

“आधी लिहून ठेवते. नंतर बघते कुठं चुकलं. मग पुढच्या पेशंटपाशी जाते.”

मामा त्या कागदाकडं बघत राहिले. जाताना त्यांनी बाईंना नमस्कार केला, तो नेहमीच्या एका हाताचा नव्हे, दोन्ही हातांचा.

दुसऱ्या वेळी सकाळी तीच ढकलगाडी, तेच दार. या वेळी मामींच्या डोळ्यांत हसू नव्हतं. मला वाटतं, पहिल्या वेळी त्या नवऱ्याच्या चुकण्यावर विसंबून आत गेल्या होत्या. आता तो आधारही राहिला नव्हता. “आवं,” त्या म्हणाल्या, “आज काय?”

मामांचा हात कानाकडं गेला आणि मध्येच थांबला. तो हात त्यांनी मामींच्या हातावर ठेवला. “मला ठावं न्हाई,” मामा म्हणाले. हे तीन शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कुणीच कधी ऐकले नव्हते. सौ.नं तोंड फिरवलं.

मामींनी त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. “न्हाई तर न्हाई,” त्या म्हणाल्या. “मग हितंच बसा. च्या प्याया जाऊ नगासा.”

मामा बसले. पहिला तास गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मी पाण्याची बाटली पुढं केली, त्यांनी मानेनं नको म्हटलं. चौथा तास सरत आला तेव्हा दार उघडलं आणि डॉक्टरबाई जवळजवळ धावतच आल्या. टोपी एका बाजूला कललेली. “उघडली!” त्या म्हणाल्या. “मामा, उघडली!” मामांनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि एका दमात रिकामी केली.

दोन-तीन महिन्यांनी मामींचा औंधच्या यमाईचा नवस फेडायला आम्ही गेलो. गाडीरस्ता असताना मामी हट्टानं पायऱ्यांनी निघाल्या. बाई म्हणाल्या होत्या, चाला, पण दमानं. मामी कुठल्या दमानं चालतायत! हिरवं लुगडं वर वर जात राहिलं आणि आम्ही तिघं खाली राहिलो. मध्यावर मामा टेकले. समोर माणदेशाकडचं उघडंबोडकं रान पसरलेलं, वारा सुटलेला. मला फार इच्छा झाली की या माणसानं आता कशाचा तरी, वाऱ्याचा, गाडीचा, माझ्या निवृत्तीचा, एक ठणठणीत चुकीचा अंदाज सांगावा आणि आपण पोट धरून हसावं. पण विचारायचा धीर झाला नाही. सौ.नंच विचारलं, तेही हसतहसत नव्हे, पाच वर्षांच्या भाचीनं विचारावं तसं. “मामा, मामींना आता पुन्हा त्रास नाही ना व्हायचा?”

मामांनी तोंड उघडलं. वर बघितलं. वरच्या वळणावर मामी कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि खाली आमच्याकडं बघत होत्या. मामांनी तोंड मिटलं, गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि धोतराची धूळ झटकली.

“चला,” ते म्हणाले. “ती थांबलीया.”